आपला पूर आपल्या आभाळातनं पडत नाही: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी पावसाळ्याआधी काय ठरवून ठेवायचं

पाऊस लागला की सगळ्यांच्या फोनवर तेच प्रश्न फिरायला लागतात, हिडकल धरण किती भरलं, यमगर्णीला हायवेवर पाणी आलं काय, उद्या शाळेला सुट्टी हाय काय. विचारा की, पण यातलं निम्मं काम मे महिन्यात उरकून ठेवायचं असतं, जुलैत पाणी दारात आल्यावर त्याचा काय उपयोग नाही. म्हणून जरा सविस्तर लिहायलोय, लांब होईल, सेव्ह करून ठेवा आणि घरात आज्जी-आजोबा असतील तर त्यांना वाचून दाखवा, कारण पुराच्या वेळी घर सोडायचं म्हटलं की पहिला नकार त्यांचाच असतो.

आधी २०२४ साल आठवा. जागतिक हवामान संघटनेनं ते नोंदी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात गरम वर्ष ठरवलं, कारखाने यायच्या आधीच्या काळापेक्षा साधारण १.५५ अंश जास्त. हवा एक अंश तापली की तिच्यात वाफ साधारण ७ टक्के जास्त मावते, मग कोसळताना ती तेवढीच जास्त कोसळणार. त्या वर्षी १६ एप्रिलला अमिरातीत अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला इथं चोवीस तासांच्या आत २५४.८ मिमी पाऊस झाला, वाळवंटात, आणि दुबईत गाड्या तरंगल्या. आपल्या भागातली पोरं तिकडं कामाला आहेत, त्यांनी पाठवलेले व्हिडिओ बघितले असतील. जुलैच्या सुरवातीला अटलांटिकमध्ये बेरिल नावाचं वादळ पाचव्या कॅटेगरीला पोचलं, इतक्या लवकर तिथं तसं आधी कधी झालं नव्हतं. ३० जुलैच्या पहाटे केरळातल्या वायनाडमध्ये दरड कोसळून मुंडक्कई-चुरलमला झोपेत वाहून गेलं. ऑगस्टच्या शेवटी आपल्या अरबी समुद्रात 'असना' तयार झालं, ऑगस्टात या समुद्रात चक्रीवादळ म्हणजे १९७६ नंतर पहिल्यांदा.

ही यादी अजून लै लांब करता येईल, पण आपल्या कामाच्या तीन गोष्टी त्यात आहेत, त्या नीट बघा.

एक, ब्राझील. एप्रिलच्या शेवटापासून मेपर्यंत रिओ ग्रांदे दो सुल राज्यात पाऊस पडला तो वरच्या खोऱ्यांत, आणि ते सगळं पाणी नद्यांतनं उतरत उतरत काही दिवसांनी पोर्तो अलेग्री शहराला येऊन भिडलं. शहरालगतच्या ग्वाइबाच्या पाण्याची पातळी पाच मीटरच्या वर गेली, १९४१ चा ४.७६ मीटरचा जुना रेकॉर्ड मोडला. आता हेच चिकोडी-अथणीला लावून बघा. अथणीत ऊन पडलेलं असतं आणि कृष्णा फुगायला लागलेली असते, कारण पाऊस महाबळेश्वर-कोयनेला झालेला असतो.

दोन, अमेरिकेतलं हेलीन वादळ. २६ सप्टेंबरच्या रात्री ते फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं, पण जास्त बातम्या आल्या त्या शेकडो किलोमीटर आत, डोंगरातल्या ॲशव्हिल भागातनं. समुद्रापासून लांब, उंचावरचं गाव, आपल्याला कशाचं वादळ असं म्हणणारी माणसं. दरडी कोसळल्या, रस्ते गेले, आणि शहराला प्यायचं नळाचं पाणी परत यायला जवळपास दोन महिने लागले. म्हणजे अरबी समुद्रात वादळ हाय म्हटलं की 'ते गोव्याचं गोव्याला' असं म्हणून सोडायचं नाही. कणकुंबी-चोर्ला घाट चढून आलं की ते आपलंच.

तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, स्पेनमधलं वालेन्सिया, २९ ऑक्टोबर. तिथल्या हवामान खात्यानं सकाळीच रेड अलर्ट दिलेला होता. तुरिस या गावी चोवीस तासांत ७७१.८ मिमी पाऊस नोंदला. पण पायपोर्तासारखी जी गावं सगळ्यात वाईट बुडाली तिथं त्या वेळी म्हणावा तसा पाऊसच नव्हता, पाणी आलं ते वरनं, ओढ्यातनं. लोक कामावर, दुकानात, रस्त्यावर. सरकारी मेसेज फोनवर वाजला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी, तोवर कित्येक गल्ल्यांत पाणी छातीला लागलेलं. सव्वादोनशेच्या वर माणसं गेली, आणि त्यातली बरीच तळमजल्यावर किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये, गाडी वर काढायला म्हणून खाली उतरलेली.

सकाळचा इशारा आणि रात्रीचं पाणी यात अख्खा दिवस होता. खात्यानं सांगितलं, मेसेज उशिरा आला हे बरोबरच, पण 'रेड म्हणजे मी नेमकं काय करायचं' हे घराघरात ठरलेलं नव्हतं. आपल्याकडं तरी कुठं ठरलेलं असतं. ऑरेंज ऐकून आपण भज्याचं पीठ भिजवतो.

आपलं पाणी कुठनं येतं ते आधी शोधा

बेळगाव जिल्हा एवढा मोठा आहे की खानापूरचा पूर आणि अथणीचा पूर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यामुळं 'जिल्ह्यात पूरस्थिती' ही बातमी वाचून काही ठरवता येत नाही, आपल्या गावाच्या वर कोण बसलंय ते कळलं पाहिजे.

निपाणी, भोज, कारदगा, कुन्नूर, सिदनाळ या बाजूचे असाल तर तुमची वेदगंगा आणि दूधगंगा, म्हणजे भुदरगड-राधानगरीकडचा पाऊस, पाटगाव आणि काळम्मावाडी धरणं. चिकोडीचा नदीकाठ, कागवाड, रायबाग, अथणी म्हणजे कृष्णा, आणि कृष्णेत कोयना, वारणा, पंचगंगा सगळ्या येऊन मिळालेल्या. पंचगंगा नृसिंहवाडीला मिळते, तिथनं खाली राजापूर बंधारा आणि मग आपली हद्द. हुक्केरी-संकेश्वरवाल्यांची हिरण्यकेशी, ती आंबोलीतनं येते, आणि आंबोलीत पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. गोकाकला तर तिन्ही बाजूंनी, हिडकलमधनं सोडलेली घटप्रभा, वरनं हिरण्यकेशी आणि आपल्याकडची मार्कंडेय, म्हणून लोळसूर पुलाची बातमी दरवर्षी ठरलेली.

खानापूरचं वेगळंच. तिथं धरणाच्या विसर्गाची वाट बघायला वेळच नसतो, कणकुंबी, आमगाव, जांबोटीकडं रात्री कोसळला की सकाळी मलप्रभा आणि हालात्रीसारखे नाले अंगावर. तासांचा खेळ, दिवसांचा नव्हे. आणि बेळगाव शहरात शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवाराला बळ्ळारी नाला, कंग्राळी, कडोली, उचगावच्या बाजूला मार्कंडेय. बळ्ळारी नाल्याचं गाळ-अतिक्रमण हा वेगळाच विषय, त्यावर बोलायला लागलो तर हा लेख संपणार नाही, भाताची शेतं दरवर्षी कुजतात एवढंच सांगतो.

धरणाचे आकडे वाचायला शिका

पेपरात येतं 'विसर्ग ४० हजार क्युसेक' आणि आपण 'बापरे' म्हणून पान उलटतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. ११,५७४ क्युसेक अख्खा दिवस चाललं की एक टीएमसी (शंभर कोटी घनफूट) होतं, म्हणजे एक लाख क्युसेक दिवसभर चाललं तर साडेआठ टीएमसीच्या वर. कोयना १०५ टीएमसीचं, हिडकल ५१ चं, तिकडं खाली अलमट्टी १२३ चं. हे आकडे डोक्यात असले की बातमी वाचता येते. धरण ६० टक्के असताना मोठी आवक आली तर ते गिळतं, ९५ टक्के असताना तेवढीच आवक आली तर जवळपास सगळी खाली येते. त्यामुळं नुसता 'किती टक्के भरलं' बघू नका, आवक किती आणि जावक किती दोन्ही बघा, आणि ऑगस्टात जास्त सावध राहा कारण तोवर भांडी भरलेली असतात. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी आली की आपोआप उघडतात, म्हणून तिथं गेट उघडलं अशी बातमी आली की पंचगंगा वाढणार हे धरून चाला.

कोल्हापूरचा राजाराम बंधारा ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका. सांगलीत आयर्विन पुलाला ४० आणि ४५. हे आकडे कोल्हापूर-सांगलीच्या बातम्यांत रोज येतात आणि आपल्याला फुकट मिळालेली आगाऊ सूचना आहे ती, कारण ते पाणी नंतर आपल्याकडंच येतं.

आता खरं काम. एक वही करा, साधी शंभर पानी. कृष्णाकाठचे असाल तर राजाराम आणि आयर्विनची पातळी, राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग, दूधगंगेचा विसर्ग, आणि त्याच्यासमोर आपल्या गावच्या बंधाऱ्यावर पाणी कधी आलं, आपल्या वाटेत कधी आलं, शाळेच्या पायरीला कधी लागलं, तारीख आणि तास. एक-दोन पावसाळे लिहिलं की तुमच्या गावचं स्वतःचं टेबल तयार होतं, राजाराम ४३ ला गेल्यावर आपल्याकडं इतक्या तासांनी, असं. हे कुठल्या ॲपवर मिळणार नाही. ज्यांच्याकडं वही नाही त्यांनी आत्ताच गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते देवळाच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, ग्रामपंचायतीच्या पायरीवर ऑइल पेंटनं मारून ठेवा, साल घालून. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेला, भाड्यानं राहायला आलेल्या मास्तरांना कळायला नको काय.

आणि मग त्या टेबलावरनं ठरवायचं. अमुक आकडा आला की जनावरं हलवायची. अमुक आला की धान्य माळ्यावर. अमुक आला की म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी माणूस पाहुण्यांकडं. अमुक आला की कुलूप. घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवायचं आणि देव्हाऱ्याजवळ नाहीतर फ्रिजवर कागद चिकटवायचा, म्हणजे त्या दिवशी वाद नको. पावसात रात्री दोन वाजता 'बघूया अजून तासभर' म्हणणारा एकजण प्रत्येक घरात असतो, त्याला कागद दाखवायचा.

रंग आणि मिलीमीटर

हवामान खात्याचे रंग म्हणजे पावसाचा आकडा नव्हे, तुम्ही काय करायचं त्याची सूचना आहे. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, रेड म्हणजे लगेच कृती करा. आणि शब्दांचे आकडे ठरलेले आहेत, चोवीस तासांत ६४.५ मिमीपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.५ आणि वर 'अत्यंत जोरदार'. खानापूरच्या घाटमाथ्यावर १०० मिमी झाला तर कोणी छत्री पण उघडत नाही, तेवढाच अथणीत झाला तर शेताचं तळं होतं. त्यामुळं आपल्या गावच्या मानानं वाचायचं.

आता आपली सीमाभागाची भानगड. बेळगावचा इशारा निघतो उत्तर अंतर्गत कर्नाटकच्या यादीत, कोल्हापूरचा मध्य महाराष्ट्रात, गोव्याचा कोकण-गोव्यात. आपलं पाणी येतं कोल्हापूरच्या घाटातनं, आपले ढग येतात गोव्यावरनं, आणि आपण बघतो फक्त बेळगावचा रंग. बेळगाव यलो आणि कोल्हापूर घाट रेड असेल तर निपाणीवाल्यानं तो रेडच समजायचा. खानापूर-बेळगाववाल्यांनी गोव्याच्या रडारचं चित्र बघायची सवय लावा, खात्याच्या साईटवर फुकट दिसतं, समुद्राकडनं लाल-पिवळे पट्टे घाटाकडं सरकायला लागले की तुम्हाला थोडा वेळ आधी कळतं.

फोनवर 'सचेत' (आपत्तीचे इशारे) आणि 'दामिनी' (पडणाऱ्या विजेचे इशारे) ही दोन ॲप टाका, शेतकऱ्यांनी शेतीच्या हवामानाचं 'मेघदूत' पण. कर्नाटक सरकारचं पडणाऱ्या विजेसाठी 'सिडिलु' आहे. लोकेशन चालू ठेवा नाहीतर काय उपयोग. फोनवर तो मोठ्ठा आवाज करून येणारा सरकारी इशारा असतो, तो सेटिंगमध्ये बंद केला असेल तर चालू करा, गेल्या वेळी टेस्टिंगला दचकून बऱ्याच जणांनी बंद करून टाकलाय.

डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस आणि तहसीलदारांच्या सूचना कन्नडमधनं येतात. आपल्या गल्लीतल्या कितीतरी बायकांना, म्हाताऱ्यांना ती वाचता येत नाही. त्यावर भांडायची जागा वेगळी आणि ते भांडण चालू राहू दे, पण पावसाळ्यापुरतं गल्लीत एक कॉलेजचा पोरगा किंवा पोरगी ठरवा जी कन्नड नीट वाचते, सूचना आली की दहा मिनिटांत मराठीत व्हॉइस मेसेज टाकायचा, टाईप नको, व्हॉइस, म्हणजे आज्जी पण ऐकतात. त्याच पोराला अफवा मारायचं काम पण द्या. 'धरण फुटलं' हा मेसेज कुठल्यातरी रात्री येतोच. आणि अडचण अशी की कधीतरी असलं काहीतरी खरं पण असतं, १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुंगभद्रा धरणाचा १९ नंबरचा दरवाजा साखळी तुटून खरंच वाहून गेला. म्हणून न हसता आणि न पळता आधी १०७७ ला फोन, जिल्हा कंट्रोल रूमचा नंबर आहे तो. ११२ आणि वीजवाल्यांचा १९१२ पण भिंतीवर लिहा, बॅटरी गेलेल्या फोनमधले नंबर काय कामाचे.

घर, गोठा, गाडी

आपल्या भागात माणसं पाण्यात जातात त्याच्या बातम्या होतात, पण भिंतीखाली जातात ते पण कमी नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये बडाल अंकलगीत पावसानं भिजलेल्या घराची भिंत पडून सात जण गेले. मातीच्या भिंतीचं कसं असतं, ती पावसात उभी राहते आणि पाऊस उघडल्यावर, ऊन पडल्यावर पण कोसळू शकते, त्यामुळं 'आता काय, उघडलं' म्हणून निवांत व्हायचं नाही. मे महिन्यात घराभोवती फिरून बघा. पायाजवळ पाणी साठतंय काय, भिंत पोट काढून पुढं आलीय काय, आढ्याच्या टोकाला नवीन भेग आहे काय, दार अचानक घासायला लागलंय काय. यातलं एक जरी असलं तर त्या भिंतीकडं डोकं करून झोपायचं नाही, खाट दुसऱ्या खोलीत. पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब जाईल असा चर काढा, कौलं शेकारून घ्या, पत्रे असतील तर हूक आवळा, नुसते दगड ठेवून वळवाचा वारा ऐकत नाही.

मेन स्विच कुठं आहे ते घरातल्या बारक्या पोरांपर्यंत सगळ्यांना माहीत पाहिजे, पण पाण्यात उभं राहून कोणी हात लावायचा नाही. पाणी अंगणात आलं तेव्हाच, पाय कोरडे असताना, बंद करायचा. शेतातल्या मोटारीच्या पेटीचं पण तेच. गॅस सिलेंडर रेग्युलेटर काढून, टोपण लावून, बांधून ठेवा, रिकामा सिलेंडर तरंगत जातो.

एक पिशवी भरून दारामागं टांगा. आधार, रेशन कार्ड, पासबुक, उतारा, विम्याची पावती, मुलांचे दाखले, सगळं दोन प्लॅस्टिकमध्ये, आणि त्याचे फोटो घरातल्या दोघांच्या फोनवर. बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील एवढ्या, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, थोडी रोकड कारण लाईट गेली की फोन-पे पण गेलं. चुरमुरे, फुटाणे, गूळ. बायकांच्या पॅडचं पाकीट, हे कुठल्या यादीत नसतं आणि काळजी केंद्रात (पूरग्रस्तांना ठेवतात तिथं) गेल्यावर पहिल्यांदा तेच मागायची लाज वाटते.

जनावरांचं नीट ठरवा कारण खरी माणसं तिथंच अडकतात, म्हैस सोडून कोण जाणार. उंचावरचा गोठा कोणाचा, चारा कुठं ठेवायचा, कोण नेणार, हे जूनमध्ये बोलून घ्या, नदीकाठच्या गावांतनं बऱ्याच जणांनी पाहुण्यांकडं आधीच सांगून ठेवलेलं असतं ते उगाच नव्हे. आणि अगदीच वेळ नसेल तर दावी सोडा, कापा, दार उघडं टाका. मोकळं जनावर पोहून कुठंतरी लागतं, बांधलेलं जागेवर जातं.

गाडी. वालेन्सियाचं वर लिहिलंय ते याचसाठी. बेळगावात आता बेसमेंट पार्किंगवाल्या बिल्डिंगा किती झाल्यात बघा. ऑरेंज लागला की संध्याकाळीच गाडी वर रस्त्यावर, उंच जागी लावा. बेसमेंटमध्ये पाणी शिरायला लागल्यावर खाली गाडीसाठी जायचं नाही, नवीन गाडी असली तरी, हप्ते चालू असले तरी. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला चावी फिरवायची नाही, इंजिनात पाणी ओढलं की ते गेलंच, आणि साध्या पॉलिसीत तो खर्च बहुतेक वेळा बसत नाही, इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं. टोइंगला फोन करा.

पुलावर पाणी

जत्राट-भिवशी, कारदगा-भोज, सिदनाळ-अक्कोळ, कुन्नूर-बारवाड, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर, ही नावं पावसाळ्यात पाठच होतात, बुटके बंधारे आहेत, पाणी वाढलं की पहिल्यांदा तेच जातात. बंधाऱ्यावरनं घोट्याच्या वर, साधारण १५ सेंटीमीटर, वेगानं जाणारं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. एक फुटात छोटी गाडी उचलली जाते, दोन फुटात जवळपास कुठलीही. आणि पाणी गढूळ असतं, खाली रस्ता आहे का खचलाय ते दिसत नाही. 'काल ट्रॅक्टर गेला की' हा पुरावा नव्हे. दुधाच्या गाडीवाल्यांना आणि शाळेच्या पोरांना हे परत परत सांगा, घाई त्यांनाच असते.

यमगर्णीला वेदगंगा हायवेवर आली की कोल्हापूर बंद, २०१९ ला झालं, २०२१ ला झालं. ज्यांच्या घरात डायलिसिसवाला माणूस आहे, किमो चालू आहे आणि कोल्हापूरला जातात, त्यांनी बेळगावात पर्याय आधीच विचारून ठेवा, फाईलची झेरॉक्स करून. खानापूरच्या जंगलातल्या गावांत दिवस भरत आलेली बाई असेल तर नाल्यांना पाणी चढायच्या आधी माहेरी किंवा खानापूर-बेळगावात आणा, आशाताईंशी बोलून तारीख काढा.

वीज

वादळ म्हटलं की आपण जुलैचा विचार करतो, पण वीज एप्रिल-मेच्या वळवात जास्त धोक्याची, दुपारी तीन-चारनंतर, आणि तेव्हा माणसं शिवारात असतात. वीज चमकली की मोजायला लागा, आवाज यायला तीन सेकंद लागले तर ती साधारण एक किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर तुम्ही पट्ट्यात आहात, पक्क्या घरात नाहीतर बंद काचेच्या चारचाकीत जा, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. आंब्याखाली, चिंचेखाली थांबायचं नाही, शेतातल्या पत्र्याच्या उघड्या खोपटात पण नाही, तारेच्या कुंपणाला टेकायचं नाही. कुठंच जाता आलं नाही तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, आणि घोळक्यात असाल तर एकमेकांपासून लांब व्हा. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरू करा आणि १०८. शेणात पुरून ठेवतात काही ठिकाणी, त्यात वेळ घालवू नका.

पाणी ओसरल्यावर

घाईनं आत जाऊ नका. आधी भिंती, मग वायरी, मग साप, या क्रमानं बघा. पुरानंतर कपड्यांच्या गठ्ठ्यात, चुलीमागं, लाकडात साप बसलेले असतात, काठीनं हलवून मगच हात घाला. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय न हलवता सरकारी दवाखाना.

झाडायच्या आधी फोटो. सगळ्यांना चिखल काढायची घाई असते आणि पंचनाम्याला आलेला माणूस म्हणतो इथं तर काहीच दिसत नाही. तारीख आणि लोकेशन उमटणाऱ्या कॅमेऱ्यानं घराच्या चारी बाजू, भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेला भाग, भिजलेलं धान्य, मेलेलं जनावर कानातल्या बिल्ल्यासकट. घराच्या नुकसानीचे ए, बी, सी असे वर्ग करतात आणि मदत त्यावर ठरते, त्यामुळं आतनं तडकलेल्या भिंतींचे पण फोटो पाहिजेत, नुसता दर्शनी भाग नको. तलाठी आणि पीडीओला (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पीक विमा भरला असेल तर आपल्या शेतापुरत्या नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते, कंपनीला, बँकेत किंवा कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात, आणि कुठल्या पिकाला कुठलं नुकसान धरतात ते विमा भरतानाच विचारून घ्या, नंतर कळून उपयोग नाही. उताऱ्यावर पीक बरोबर चढलंय काय ते पण आत्ताच बघा, शेतात भात आणि कागदावर ऊस असे प्रकार असतात.

पाणी उकळूनच प्या, विहीर-बोअरवेलमध्ये पुराचं पाणी गेलं असेल तर ग्रामपंचायतीकडनं ब्लिचिंग टाकून घेतल्याशिवाय तोंडात घालू नका. चिखलात अनवाणी काम करून पायाला जखमा झाल्या आणि काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी पण, ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर साधा ताप समजून मेडिकलमधनं गोळी आणू नका, डॉक्टरांना सांगा पुराच्या पाण्यात होतो म्हणून, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आहे काय ते बघतील ते. जनावरांना फऱ्या-घटसर्पाचं लसीकरण पावसाआधीच करून घ्यायचं असतं, ते राहिलं असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात या आठवड्यात जाऊन या, आणि येताना ऑइल पेंटचा डबा घेऊन या.